लाल ठिपक्याची राणी

मी मधमाश्या पाळायला घेतल्या त्या मधासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मध मला फारसा आवडतही नाही, घशाशी चिकटतो. मी माश्या आणल्या त्या आमच्या ह्यांना खुर्चीतून उठवायला. आणि अगदी खरं सांगायचं तर थोड्याशा दातवाल्याला त्रास द्यायलाही आणल्या, पण ते ओघानं येईलच.

आमचे हे घड्याळजी. घराखालीच दुकान. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून आणि हातात चिमटा धरून बसले. गावातली निम्मी घड्याळं ह्यांच्या हाताखालून गेलेली. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं देणारा डॉक्टर म्हणाला, "हात रिकामा असला की थरथरेल. कामाला लागला की बराच गप्प बसेल. काम मात्र सोडू नका." ह्यांनी मान डोलावली आणि गोळ्या खिशात टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात दातवाला दुकानात आला. दातवाला म्हणजे आमच्या मागच्या अंगणापलीकडे ज्याचा दवाखाना आहे तो दाताचा डॉक्टर. त्याच्या वडिलांचं किल्लीचं मनगटी घड्याळ वर्षातून एकदा साफसफाईला ह्यांच्याकडे यायचं. त्या दिवशीही त्यानं ते काउंटरवर ठेवलं. मी ह्यांचा चहा घेऊन तिथंच उभी होते. ह्यांचा हात काचेवर नुसता टेकलेला होता, आणि काचेवर पडलेले दोन बारके स्क्रू त्या हाताच्या थरथरीनं टिकटिक करत उड्या मारत होते. दातवाल्यानं हाताकडं पाहिलं, स्क्रूंकडं पाहिलं, आणि घड्याळ अलगद उचलून परत खिशात घातलं.

"असू द्या काका," तो म्हणाला, "तशी काही घाई नाही. पुन्हा कधीतरी आणतो."

गोड बोलला हो. तेच वाईट झालं. भांडला असता तर ह्यांनीही दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. ह्यांनी त्याच संध्याकाळी शटर ओढलं, हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली, डबा कपाटावर ठेवला आणि मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. असे सात महिने बसले.

घरात भिंतीवर अकरा घड्याळं. किल्ली द्यायची कुणी? एकेक करून सगळी थांबली, तीही वेगवेगळ्या वेळी. स्वयंपाकघरात पावणेचार, बाहेरच्या खोलीत साडेनऊ, न्हाणीघराच्या दारावर सव्वाबारा. पाहुणे आले की बिचारे स्वतःच्या मनगटाकडं बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

मी काय काय करून पाहिलं नाही! मिक्सर मुद्दाम बिघडवला. नळाचा आटा ढिला केला. शिलाई मशीनमध्ये दोरा अडकवून ठेवला. हे खुर्चीतूनच म्हणायचे, "बोलाव कुणाला तरी." एकदा मी रागानं म्हटलं, "अहो, तुम्हीच बघा ना जरा." तर हात खिशात आणखी खोल गेले. मला तेव्हा रडू आलं. पण मी रडणारी बाई नव्हे, मी कुरापती काढणारी बाई आहे.

मग पेपरात चार ओळींची जाहिरात दिसली: मधमाशीपालन, नवशिक्यांसाठी, पाच रविवार. वाचता वाचताच माझ्या डोक्यात किडा वळवळला. ह्यांचा एक स्वभाव मला चाळीस वर्षांपासून पाठ आहे. बारीक काम कुणी वाईट करताना दिसलं की ह्यांचा जीव वरखाली होतो. लग्नानंतर ह्यांच्यासमोर मी एकही बटण शेवटपर्यंत लावलेलं नाही. दुसऱ्या टाक्यालाच सुई काढून घ्यायचे. तेव्हा मला हवं होतं एक बारीक, नाजूक काम, जे रोज ह्यांच्या डोळ्यांसमोर मी वाईट करू शकेन आणि ज्याला "बोलाव कुणाला तरी" असं म्हणता येणार नाही. आपल्या गावात माश्यांसाठी बोलवायला मेकॅनिक कुठून आणणार?

वर्ग घेणारी बाई स्वतःच पेट्या बनवून विकायची, म्हणून मी तिला पेटीवाली म्हणते. बोलणं मोजकं, बोटं जाड, आणि चावे बसून बसून कातडी अशी झालेली की माशीच विचारात पडावी. तिनं पहिल्या रविवारी सांगितलं, "नवशिक्याच्या सगळ्या चुकांची आई एकच, घाई." पेटीच्या स्टँडचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पेटीचं तोंड सकाळच्या उन्हाकडं करायचं, माणसांच्या वाटेकडं करायचं नाही. आत दहा चौकटी, त्यावर माश्या पोळं बांधतात. दोन चौकटींत ठरावीक फट ठेवायची. आठवड्यातून एकदाच झाकण उघडायचं. राणी शोधून तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावला की पुढं ती चटकन सापडते, पण ते काम हात बसल्याशिवाय करायचं नाही.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढं पानाच्या कडेला एक यादी केली: यातल्या कोणत्या चुका केल्या तर माश्या मरणार नाहीत. मीही काही अगदीच निर्दय नाही.

पहिली चूक केली ती मात्र ह्यांच्यासाठी नव्हती. पेटी मागच्या अंगणात, ह्यांच्या खुर्चीसमोर आली, तेव्हा मी तिचं तोंड उन्हाकडं न करता सरळ दातवाल्याच्या खिडकीकडं केलं. पेटीवालीनं भुवया वर केल्या. "तिकडं हवा चांगली आहे," मी म्हटलं. हवा वगैरे काही नाही. सात महिन्यांचा राग होता, तो कुठं तरी पाठवायला नको?

दुसऱ्या दिवसापासून माझं सोंग सुरू झालं. जाळीची टोपी उलटी घातली. धुराचा डबा, म्हणजे भात्यासारखा दाबला की नळीतून थंड धूर सोडणारा, त्यात ओला पालापाचोळा कोंबून माझाच घसा बसवून घेतला. झाकण तिरकं बसवलं. स्टँडचा एक पाय वाटीबाहेर ठेवला आणि मुंग्यांची रांग त्यावर चढेपर्यंत गाणं गुणगुणत उभी राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून खुर्चीकडं बघत होते. खुर्ची ढिम्म.

नवव्या दिवशी मात्र आवाज आला. "वाकडं बसलंय."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"अगं, झाकण. डावीकडं बोटभर."

मी उजवीकडं सरकवलं. मागं खुर्ची करकरली. "डावीकडं म्हटलं ना! माझं डावं नव्हे, तुझं!" मी पदरात तोंड लपवलं, कारण हसू आवरेना. सात महिन्यांत हे एका दमात इतके शब्द बोलले नव्हते.

मग मी खरा हुकमी पत्ता काढला. दहा चौकटींऐवजी नऊच ठेवल्या आणि शेवटी मोठी फट सोडली. दोन आठवड्यांत माश्यांनी त्या फटीत स्वतःच्या मनानं वेडंवाकडं पोळं बांधलं आणि दोन चौकटी एकमेकींना चिकटवून टाकल्या. मी पेटी उघडली तेव्हा हे खुर्ची उचलून चक्क चार पावलं पुढं येऊन बसले होते. म्हणजे खुर्ची पायानं ढकलत ढकलत. हात अजून खिशातच.

"किती ठेवल्यास?" ह्यांनी विचारलं.

"नऊ. दहावी बसतच नव्हती."

"बसत कशी नाही? दहाचीच पेटी आहे. फट जास्त सोडलीस." हे थोडा वेळ पोळ्याकडं बघत राहिले. "जिथं फट बरोबर आहे तिथं एका माशीला जाता येईल एवढीच वाट सोडलीये, बघ. जिथं जास्त आहे तिथं लगेच भरून काढलीये. एका केसाचाही फरक कळतो यांना." त्या आवाजात असं काही होतं की मला वाटलं, आता हात बाहेर येणार. आला नाही. पण त्या दिवसापासून रोज दुपारी हे मला हुकूम सोडायला लागले आणि मी ते चुकीचे पाळायला लागले. आमचा संसार पुन्हा रुळावर आला म्हणा ना.

मला मात्र घाई झाली. पेटीवालीनं सांगितलेली चुकांची आई माझ्याच अंगात शिरली. एका दुपारी हे आत डोळा लागून पडले होते. मी विचार केला, राणीला ठिपका लावून टाकू. मग ह्यांना सांगू, ठिपका वाकडा लागलाय, तुम्ही बघा. मुलगी माहेरपणाला आली तेव्हा विसरून गेलेली नेलपॉलिशची बाटली घेतली, लालभडक. पेटी उघडली. चौकटीवर बाकीच्यांपेक्षा मोठी, जाडजूड, रुबाबदार माशी फिरत होती. काम काही करत नव्हती, नुसती एका तोंडाजवळून दुसऱ्या तोंडाजवळ जाऊन खाऊ घालून घेत होती. राणी आणखी वेगळी काय असणार? मी श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. ठिपका कसला, निम्मी पाठच रंगली. पण लागला.

संध्याकाळी मी ऐटीत जाहीर केलं. ह्यांनी भुवई वर केली. "तू लावलास?"

"मी लावला. थोडा पसरलाय."

"हं," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून पेटी उघडली की पहिला प्रश्न तोच, "राणी दिसली?" आणि मी सांगायची, "दिसली की! झोकात आहे. काडीचं काम नाही, दिवसभर खाणं आणि दुपारी बाहेर फिरायला जाणं." एकदा हे म्हणाले, "राणी बाहेर फिरायला जाते?" मी म्हटलं, "राणीच ती, तिला कोण अडवणार?" ह्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं कौतुकानं पाहताहेत.

अशा आमच्या सुखाच्या दिवसांत एका दुपारी अंगणापलीकडून आरोळी आली.

"काकू! ओ काकू! तुमची माशी आलीये इकडं!"

दातवाला खिडकीत उभा होता. एका हाताचं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं. मी म्हटलं, "आमचीच कशावरून? माश्या काय जगात थोड्या आहेत?"

"हिनं नेलपॉलिश लावलंय, काकू!"

मी धावत अंगण ओलांडून त्याच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत एक लठ्ठ गृहस्थ तोंडात कापूस धरून, डोळे विस्फारून आडवे पडलेले. झालं होतं ते असं: दातवाला त्यांच्या तोंडात बोटं घालून काम करत असताना लाल पाठीची माशी खिडकीतून घोंघावत आली आणि दिव्याभोवती फेऱ्या मारायला लागली. गृहस्थांनी घाबरून तोंड मिटलं. आत दातवाल्याचं बोट होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दातांवर जगलेल्या माणसाला पहिल्यांदाच दात म्हणजे काय ते कळलं असणार. ती ट्रेवर बसली तशी दुसऱ्या हातानं त्यानं तिच्यावर चूळ भरायचा प्लास्टिकचा पेला पालथा मारला होता. पेल्याखाली आमची राणी प्लास्टिकवर डोकं आपटत होती.

एरवी मी आठवडाभर हसले असते. पण तेव्हा पेटीवालीचे शब्द आठवले: राणी गेली की अंडी बंद, अंडी बंद की पेटी संपली. पेटी संपली तर हे पुन्हा मागच्या दाराशी खुर्ची लावणार, खिशात हात घालणार, आणि यावेळी मी कितीही नळ ढिले केले तरी उठणार नाहीत. ते माझ्या डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. पेला उचलावा तर ती उडून जाणार, आणि न उचलावा तर आत गुदमरणार. मी पेल्याला हातही लावला नाही. तशीच परत पळाले.

"अहो," मी दारातूनच ओरडले, "राणी दातवाल्याकडं अडकलीये! मला नाही जमायचं, मी मारून टाकीन तिला!"

हे सोंग नव्हतं, आणि ते ह्यांना बरोबर कळलं. हे खुर्चीतून उठले. मला वाटलं आता म्हणतील, बोलाव पेटीवालीला. ह्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. हातात भिंग होतं. डोळ्याला लावायचं काळं भिंग, दुकानातलं. मी म्हणत होते हत्यारं सगळी डब्यात आहेत. हे इतके महिने ते भिंग मुठीत धरून बसले होते, आणि मला पत्ता नव्हता.

मी काही विचारेपर्यंत ह्यांनी अंगण अर्धं ओलांडलं होतं.

दवाखान्यात ह्यांना बघून दातवाल्याचा चेहरा पडला. घड्याळाच्या त्या दिवसानंतर दोघं समोरासमोर आले नव्हते. "या काका," तो म्हणाला. हे त्याच्याकडं न बघता त्याच्या स्टुलावर बसले, त्याचा मोठा दिवा ओढून पेल्यावर आणला आणि भिंग डोळ्यात बसवलं. "चिमटा," ह्यांनी हात पुढं केला. हवेत तो हात पानासारखा हलत होता. दातवाल्यानं पाहिलं, खुर्चीतल्या गृहस्थांनी पाहिलं, मी पाहिलं. त्यानं सगळ्यात बारीक चिमटा त्या हातात ठेवला.

मी खोटं कशाला बोलू, हात एकदम थांबला असं काही झालं नाही. पण चिमटा बोटांत बसला, कोपर ट्रेवर टेकलं, आणि थरथर मनगटापर्यंत मागं हटली. ह्यांनी पेल्याची कड जेमतेम उचलली, आत चिमटा घातला आणि पंखांच्या मुळाशी माशी धरली. एक पायही दुखावला नाही. मग दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसले. चाळीस वर्षं मी तो चेहरा बघितला आहे.

मग ह्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"डॉक्टर," हे म्हणाले, "हात पुढं करा. तळवा वर."

"माझा?"

"चिमट्यात जास्त वेळ धरली तर मरेल. हं, करा लवकर."

दातवाल्यानं न चावलेला हात पुढं केला. ह्यांनी माशी अलगद त्याच्या तळव्याच्या मधोमध सोडली. पेल्यात आपटून आपटून ती बिचारी इतकी दमली होती की उडालीच नाही. संतापून मोठ्यानं गुणगुणत बोटांकडं चालायला लागली. दातवाला पांढराफटक पडला. तळवा, मनगट, कोपर, सगळं लटलटा कापायला लागलं.

"हलू नका हं," हे शांतपणे म्हणाले. भिंग अजून डोळ्यात. थोडा वेळ जाऊ दिला. चांगला जाऊ दिला. मग म्हणाले, "डॉक्टर, हात थरथरतोय तुमचा."

खुर्चीतले गृहस्थ कापसाआडून फुसकन हसले.

"घाबरू नका," हे उठत म्हणाले, "ही चावत नाही. हिला नांगीच नाही. ही राणीच नाही मुळी. हा नर आहे. डोळे बघा केवढे, डोक्यावर एकमेकांना चिकटलेत. आणि बूड बोथट. तिच्याच वहीत लिहिलंय." मग माझ्याकडं वळले. "काडीचं काम नाही, दिवसभर खाणं आणि दुपारी फिरायला जाणं. मला तेव्हाच शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?" मी उसळले.

"तू इतकी खूश होतीस," हे म्हणाले.

सोंग आणता आणता मी खरोखरच मूर्ख ठरले होते, आणि तेही दातवाल्यासमोर. कुठं तोंड लपवू असं झालं. तरीही असं वाटत होतं की रस्त्यावर जाऊन सगळ्यांना सांगावं. ह्यांनी नर चिमट्यानं उचलून खिडकीबाहेर सोडला. तो सरळ आमच्या पेटीकडं गेला. तोंड तिकडंच होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर येते तर कपाटासमोर स्टूल आणि टेबलावर बिस्किटांचा डबा उघडा. हे एका जुन्या घड्याळाच्या काचेच्या कड्यावर जाळी ताणून बसवत होते. हात काम करत होता. मध्येच थांबला की थरथरत होता, पुन्हा काम धरलं की गप्प. ह्यांनी मान वर न करता विचारलं, "राणीवर अलगद टेकवायला जाळी लागते ना काहीतरी? पेटीवालीनं काय सांगितलं होतं? आणि नीट सांग, उलटं नको सांगूस."

म्हणजे तेही कळलं होतं.

आम्ही पेटी उघडली. धूर मी सोडला, कोरड्या पाल्याचा, सरळ नळीनं. ह्यांनी चौकट उन्हाकडं धरून पोळ्याच्या षटकोनी घरांत भिंगातून पाहिलं. "अंडी आहेत. उभी आहेत, म्हणजे आजचीच. राणी इथंच आहे." तिसऱ्या चौकटीवर ती सापडली. लांबट, सावळी, पंख अंगाच्या मानानं आखूड, आणि ती जाईल तिथं बाकीच्या बाजूला सरकत होत्या. मी ज्याला राणी म्हणून मिरवत होते त्याला कुणी अशी वाट करून देत नव्हतं, हे मला आत्ता आठवलं. ह्यांनी जाळीचं कडं तिच्यावर टेकवलं, सगळ्यात बारीक पेचकसाचं टोक नेलपॉलिशमध्ये बुडवलं आणि जाळीच्या डोळ्यातून तिच्या पाठीवर टेकलं. ठिपका मोहरीएवढा, अगदी मधोमध. कडं काढलं तरी राणीला काही झाल्याचं कळलं नाही, ती तशीच पुढं चालायला लागली. ह्यांनी पेचकस ठेवला. हात लगेच नाचायला लागला. ह्यांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि तो खिशात घातला नाही.

"रिकामा राहवत नाही त्याला," हे म्हणाले. मी पेटीचं झाकण बसवलं, या वेळी सरळ.

दोन दिवसांनी दातवाला आला. बोटाला पट्टी. पुढच्या दारानं नाही, अंगणातून, पेटीला लांबून वळसा घालून. वडिलांचं घड्याळ त्यानं ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"दुसरीकडं टाकलं होतं काका," तो म्हणाला. "आता दिवसाला दहा मिनिटं मागं पडतंय."

ह्यांचा हात टेबलावर होता. थरथरत होता, आणि त्याच्यापायी घड्याळाच्या पट्ट्याची साखळी बारीक वाजत होती. हात लपला नाही. दातवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि घड्याळ तिथंच राहू दिलं. "त्या दिवशी मी चुकलो," तो हळूच म्हणाला.

"आठ दिवसांनी या," हे म्हणाले.

"आठ दिवस?"

"गर्दी आहे," हे म्हणाले. टेबलावर त्या एका घड्याळाशिवाय काहीसुद्धा नव्हतं. मी चटकन आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

तो गेला. हे लगेच भिंग लावून घड्याळाचं मागचं झाकण उघडायला बसले. मी शेजारी चहा ठेवला आणि जरा वेळानं, मन मोठं करून म्हटलं, "अहो, पेटीचं तोंड उन्हाकडं फिरवायचं का आता? पेटीवाली म्हणाली होती, रोज थोडं थोडं फिरवलं तर माश्यांना कळत नाही."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे ते तोंड तिकडं का केलंस."

"मग फिरवू?"

ह्यांनी चिमट्यानं एक चक्र उचललं, उजेडाकडं धरलं आणि फुंकर घातली.

"राहू दे," हे म्हणाले. "आठ दिवस तरी राहू दे."